फाईल सर्व्हरचा वेग मोजायचा कसा: केबल, डिस्क, ऊन आणि गेलेली लाईन

एप्रिलचा दुसरा आठवडा, लग्नसराई ऐन भरात. दारव्ह्याच्या एका फोटो स्टुडिओतून फोन आला, "भाऊ, सर्व्हर काही चालूनच नाही राह्यला. नवा घ्या लागते काय? कोटेशन आणून ठेवलं." मी गेलो. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आणि दोन हार्डडिस्क. एडिटिंगचे दोन कॉम्प्युटर, एक गिगाबिट स्विच आणि टिनाच्या छताखालून नेलेली केबल. चार जीबीची एक व्हिडिओ फाईल ओढून पाहिली. वेग सेकंदाला ११ मेगाबाईटवर गेला आणि तिथंच चिकटला. वर नाही, खाली नाही.

हा ११ चा आकडा दिसला की नव्या सर्व्हरची बोलणी थांबवायची. १०० मेगाबिटच्या लाईनवर प्रत्यक्षात एवढाच वेग मिळतो. स्विच गिगाबिट, दोन्हीकडची कार्डं गिगाबिट, तरी लाईन शंभरची. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. शंभरला दोनच पुरतात. उंदरानं छतात केबल कुरतडली होती, एक जोडी तुटली होती, आणि कार्डानं काही न बोलता वेग खाली आणला होता. नवी केबल टाकली, दोन्ही टोकं क्रिम्प केली, आणि तीच फाईल शंभरच्या वर वेगानं गेली. ८० जीबीचं एक लग्न उतरवायला दोन तास लागत होते, ते बारा-तेरा मिनिटांवर आलं.

पण तक्रार तेवढ्यानं संपली नाही. नागपूरच्या अल्बम लॅबला फोटो पाठवायला रात्र जात होती, आणि एडिटिंगचा प्रोजेक्ट उघडायला वेळ लागत होता. त्यासाठी दोन दिवस बसून नीट मोजणी केली. ती कशी करायची हे इथं पायरीपायरीनं सांगतो. पतसंस्थेचं बॅकअप असो, शाळेचं किंवा वाचनालयाचं स्कॅनिंग असो, जिनिंगच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असो, रीत तीच. आधी एकेक भाग सुटा मोजायचा, मग सगळा मिळून. उलट केलं तर हाती फक्त एक आकडा येतो आणि त्याचं कारण सापडत नाही.

मोजण्याआधी: प्रश्न आणि एकक

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहा. "सर्व्हर स्लो आहे" हा प्रश्न नाही. "रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात ४० जीबीचे फोटो नागपूरला पोचतात का?" हा प्रश्न आहे. "दोन एडिटर एकाच वेळी बसले तर दोघांचाही व्हिडिओ न अडकता चालतो का?" हाही प्रश्न आहे. उत्तर हो किंवा नाही असं देता आलं पाहिजे.

एककांत पुष्कळ लोक फसतात. इंटरनेट देणारा बिटमध्ये बोलतो, कॉम्प्युटर बाईटमध्ये दाखवतो, आणि ८ बिट म्हणजे १ बाईट. म्हणून १०० मेगाबिटची लाईन म्हणजे जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाईट, आणि माल ज्या तुकड्यांत जातो त्या प्रत्येक पाकिटाला लागणारा पत्ता-हेडर वगैरे वजा जाता साधारण पावणेबारा. गिगाबिटवर कागदावर १२५, हातात ११७-११८ पर्यंत. दुसरी फसवणूक हजार आणि १०२४ ची. काही प्रोग्राम मेगाबाईट म्हणजे दहा लाख बाईट धरतात, काही १०,४८,५७६. फरक जवळजवळ पाच टक्क्यांचा. वायरचा वेग मोजणारा आयपर्फ ३ हा प्रोग्राम तर एकाच ओळीत बिट हजाराच्या हिशोबानं आणि बाईट १०२४ च्या हिशोबानं दाखवतो. माझी सवय अशी की किती बाईट गेले आणि किती सेकंद लागले एवढंच लिहितो, भागाकार स्वतः करतो.

पहिली पायरी: तुमचा माल कसा आहे ते बघा

सर्व्हरचा वेग म्हणून एकच आकडा नसतो. त्याच सर्व्हरवर मोठी फाईल शंभरच्या वेगानं जाते आणि बारीक फायलींचा ढिगारा दोनच्या. कापूस गाठीत बांधला की ट्रकभर एका फेरीत जातो, सुटा भरला तर ट्रक तोच पण फेऱ्या वाढतात. तसंच हे.

स्टुडिओत तीन प्रकारचा माल निघाला: कॅमेऱ्याच्या चार-चार जीबीच्या व्हिडिओ फायली, दहा एमबीच्या आसपासचे फोटो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं त्या थंबनेल-कॅशच्या हजारो बारीक फायली. म्हणून चाचणीसाठी तीन फोल्डर केले. पहिल्यात चार जीबीच्या आठ फायली. दुसऱ्यात दहा एमबीच्या हजार. तिसऱ्यात सोळा केबीच्या वीस हजार. हा तिसरा ढीग सगळा मिळून फक्त ३२० एमबीचा, पण पुढं सगळ्यात जास्त शिकवून गेला तो हाच.

या फायली गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या घेऊ नका. चाचणीत फायली इकडंतिकडं पडून राहतात, आणि कोणाच्या घरचं लग्न दुसऱ्याच्या लॅपटॉपवर राहू नये. लिनक्समध्ये 'डीडी' हा आदेश वापरून, कसेही विस्कळीत बाईट देणाऱ्या 'देव-युरँडम' मधून फायली बनवा. 'देव-झिरो' मधून नको. सगळी शून्यं असलेली फाईल वाटेत कुठंही कॉम्प्रेशन असेल, प्रोग्राममध्ये, फाईल सिस्टिममध्ये किंवा काही एसएसडींच्या कंट्रोलरमध्ये, तर चिमूटभर होते आणि वेग खोटा वाढतो. तुमचे जेपीईजी आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांच्यात आणखी काही दबत नाही. रँडम फाईल त्यांच्याशी मिळतीजुळती वागते. तयार झाल्यावर सगळ्यांचे 'शा-२५६', म्हणजे फाईल जरा बदलली तरी बदलणारा ठशासारखा आकडा, काढून एका फाईलमध्ये ठेवा. पुढं लागतील.

दुसरी पायरी: डिस्क एकटी

सर्व्हरवरच बसायचं, नेटवर्क मधे आणायचं नाही. साधन म्हणजे 'एफआयओ'. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'डिस्कएसपीडी'. एफआयओला डिस्कचं नाव कधीही देऊ नका. लिहिण्याची चाचणी थेट डिस्कवर चालली तर आतला सगळा डेटा पुसला जातो. वेगळं फोल्डर करून त्यातल्या चाचणीच्या फाईलचं नाव द्या, आणि एंटर दाबण्याआधी ओळ एकदा मोठ्यानं वाचा.

चार गोष्टी मोजा: सलग वाचणं, सलग लिहिणं, विखुरलेलं वाचणं, विखुरलेलं लिहिणं. सलगसाठी ब्लॉक एक मेगाबाईटचा, विखुरलेल्यासाठी चार केबीचा. 'डायरेक्ट' पर्याय १ ठेवा, म्हणजे रॅममधली कॅश मधे येणार नाही.

७२०० फेऱ्यांची हार्डडिस्क सलग वाचताना बाहेरच्या कडेला दीडशे ते दोनशे मेगाबाईट देते, म्हणजे गिगाबिट केबलपेक्षा जास्त. आतल्या कडेला तोच वेग अर्ध्यावर येतो. भरत आलेल्या डिस्कवर नव्या फायली आतल्या कडेला जातात, त्यामुळं रिकाम्या डिस्कवरची मोजणी पुढच्या वर्षी खरी राहत नाही. डिस्क किती टक्के भरली आहे हे वहीत लिहायचं ते म्हणून. विखुरलेल्या कामात मात्र ही डिस्क दमते. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी अर्धी फेरी चार मिलिसेकंदांवर, त्यात डोकं सरकायला आठ-नऊ. एका उडीला तेरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ७५ ते ८० उड्या. वीस हजार बारीक फायलींना एकेकच उडी धरली तरी चार मिनिटं गेली. एसएसडी हजारो उड्या सहज घेतो. प्रोजेक्ट उघडायला वेळ का लागत होता, ते इथंच कळलं.

एसएमआर जातीच्या, म्हणजे लिहिण्याच्या रेघा एकमेकींवर चढवलेल्या, हार्डडिस्क असतील तर चाचणी लांबवा. सुरुवातीला त्या चांगल्या लिहितात, आतली राखीव जागा भरली की वेग एकदम बसतो. एक मिनिटाची चाचणी यात काही दाखवत नाही. ८०-१०० जीबी सलग लिहून पाहा.

कॅशबद्दल आणखी थोडं, कारण सगळ्यात जास्त खोटे आकडे इथूनच येतात. लिनक्स रिकामी रॅम वाया जाऊ देत नाही, वाचलेली फाईल तिथं धरून ठेवतो. सर्व्हरला १६ जीबी रॅम आणि चाचणीची फाईल चार जीबी असेल, तर दुसऱ्या वेळी तुम्ही डिस्क मोजतच नाही, रॅम मोजता. उपाय दोन. एक, चाचणीचा माल रॅमच्या दुप्पट घ्या. आठ फायलींचे ३२ जीबी घेतले ते त्यासाठी. दुसरा, प्रत्येक फेरीआधी 'सिंक' चालवून मग कर्नलच्या 'ड्रॉप कॅशेस' मध्ये ३ लिहा. सिंक आधी, कारण डिस्कवर न उतरलेला माल तो आदेश टाकत नाही. ज्या कॉम्प्युटरवर फाईल येते त्याचीही कॅश असते, ती विसरू नका.

तिसरी पायरी: वायर एकटी

आधी 'ईथटूल' लावून कार्ड किती वेगावर जोडलं आहे ते पाहा. शंभर दिसलं तर पुढं जाऊच नका, केबल आणि कनेक्टर बघा. आम्ही हे पहिल्याच मिनिटाला पाहिलं असतं तर फाईल ओढायचीही गरज नव्हती.

मग आयपर्फ ३. सर्व्हरवर तो सर्व्हर म्हणून चालू करा, दुसऱ्या टोकाला क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी जोडणी करणारा, म्हणून. तो ५२०१ पोर्टवर बोलतो, फायरवॉलमध्ये तेवढं उघडा आणि काम झालं की बंद करा. न सांगता तो दहा सेकंदांची चाचणी घेतो. तीस किंवा साठ करा, आणि टीसीपीला, म्हणजे पोचपावती घेत पाकिटं पाठवण्याच्या रीतीला, वेग धरायला लागणारी सुरुवातीची दोन-तीन सेकंदं वगळायचा पर्याय आहे, तो वापरा. उलट दिशा मोजायला कॅपिटल आर. दोन्ही दिशा मोजणं सक्तीचं समजा. एका दिशेनं साडेनऊशे मेगाबिट आणि उलट दिशेनं तीनशे, असं खराब केबलवर होतं. शेवटी कॅपिटल पी देऊन चार धारा एकदम. एका धारेला कमी आणि चार धारांना भरपूर वेग मिळत असेल, तर वायर ठीक आहे. अडचण अंतराच्या वेळेची किंवा पाकिटं हरवण्याची आहे.

अंतराची वेळ म्हणजे पिंगमध्ये दिसणारे मिलिसेकंद. नागपूर इथून दोनशे किलोमीटरच्या आत. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदांत व्हायला हवं. पण पिंग चाळीस दाखवत असेल, तर पाकीट सरळ वाटेनं जात नाही किंवा कुठंतरी रांगेत थांबतं. 'एमटीआर' दहा मिनिटं चालू ठेवा, कुठल्या टप्प्यावर थांबतं ते दिसतं.

चाळीस मिलिसेकंदांचं मोल कळायला गुणाकार करा. लाईन १०० मेगाबिट, वेळ ०.०४ सेकंद, गुणाकार ४ मेगाबिट, म्हणजे ५०० किलोबाईट. पोचपावती यायच्या आत एवढा माल वाटेत असेल तरच लाईन भरते. एखादं जुनं यंत्र किंवा प्रोग्राम ६४ केबीवरच थांबत असेल, तर त्याच लाईनवर त्याला सेकंदाला १.६ मेगाबाईटच मिळतील, लाईन कितीही मोठी घेतली तरी. ओपनएसएसएच या प्रोग्रामचा एसएफटीपी (फायली सुरक्षित पाठवायची रीत) क्लायंट ३२ केबीच्या ६४ मागण्या एका वेळी वाटेत ठेवतो, म्हणजे २ एमबी. त्याला इथं अडचण येत नाही. सगळे क्लायंट असे नसतात.

मोबाईल डेटावर किंवा वायफायवर पाकिटं हरवतात. पाठवण्याचा वेग ठरवायला लिनक्स २००६ पासून 'क्युबिक' रीत वापरतो. पाकीट हरवलं की पुढं गर्दी आहे असं समजून ती वेग कमी करते. गूगलनं २०१६ मध्ये आणलेली 'बीबीआर' रीत हरवण्यापेक्षा मिळणारा वेग आणि लागणारा वेळ बघते. पाठवणाऱ्या बाजूला ती लावून एकदा मोजून बघायला हरकत नाही. फरक पडला तर ठेवा, नाही पडला तर मूळ जागी आणा.

इंटरनेटची मोजणी दिवसातून तीनदा करा: पहाटे सहा, दुपारी तीन, रात्री नऊ. तीन दिवस. गावागावात रात्री नऊला सगळ्यांचे मोबाईल चालू असतात, आणि त्या वेळचा आकडा पहाटेच्या आकड्याशी बऱ्याचदा जुळत नाही. अपलोड आणि डाऊनलोड वेगवेगळे लिहा. प्लॅनच्या कागदावर मोठ्या अक्षरांत डाऊनलोड असतं, स्टुडिओला लागतं अपलोड. २० मेगाबिट अपलोड म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाईट. ४० जीबीला साडेचार तास.

चौथी पायरी: कुलूप किती जड आहे

एसएफटीपी सगळा माल कुलपात घालून, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवतो, आणि ते काम प्रोसेसर करतो. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या 'एलएससीपीयू' च्या यादीत 'एईएस', म्हणजे त्या जातीच्या कुलपाची प्रोसेसरमधलीच सोय, दिसतं का बघा. दिसत असेल तर गेल्या दहा वर्षांतल्या साध्या डेस्कटॉपलाही गिगाबिट जड जात नाही. रास्पबेरी पाय ४ मध्ये एईएसची ही सोय नाही, पाय ५ मध्ये आहे. ज्या यंत्रात नाही तिथं 'चाचा२०' हे दुसऱ्या जातीचं कुलूप बहुतेक वेळा एईएसपेक्षा हलकं पडतं. 'ओपनएसएसएल स्पीड' चालवून दोन्हीचे आकडे शेजारी लिहा, जे वेगवान ते एसएसएचला सांगा.

एक एसएफटीपी जोडणी मुख्यतः एकाच कोअरवर चालते. चालू कामं दाखवणाऱ्या 'टॉप' मध्ये एकूण वापर २५ टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो प्रोसेसर रिकामा आहे. चार कोअरपैकी एक पूर्ण भरलेला असतो. टॉपमध्ये १ दाबा, कोअर सुटे दिसतील.

वेगासाठी कुलूप काढून साध्या एफटीपीवर जायचा सल्ला कोणी दिला, तर इंटरनेटवर तो ऐकू नका. साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडा जातो. गिऱ्हाइकानं विश्वासानं दिलेला माल आहे तो.

पाचवी पायरी: सगळं जोडून, एक क्लायंट

आता खरी फाईल खऱ्या प्रोटोकॉलनं, म्हणजे रोज पाठवता त्याच रीतीनं. तीनही फोल्डर, दोन्ही दिशा, प्रत्येकी पाच वेळा. फाईल आणणारा-पाठवणारा 'कर्ल' हा आदेश वापरलात तर शेवटी एकूण वेळ, पहिला बाईट यायला लागलेला वेळ आणि सरासरी वेग छापून घेता येतो. फोल्डरसाठी 'एलएफटीपी' किंवा 'आरसिंक'. आरसिंकच्या बाबतीत, दुसऱ्या फेरीआधी पलीकडचं फोल्डर रिकामं करा. फाईल तिथं आधीच असेल तर तो पाठवतच नाही, आणि तुम्हाला अचाट वेग दिसतो. कॉम्प्रेशन बंद ठेवा.

डाऊनलोड मोजताना फाईल स्वतःच्या डिस्कवर न उतरवता 'देव-नल' मध्ये, म्हणजे येईल ते गिळून टाकणाऱ्या जागेत टाका, म्हणजे फक्त सर्व्हर मोजला जातो. मग एकदा डिस्कवर उतरवून मोजा. अपलोडला उलट काळजी: "झालं" असं क्लायंटनं सांगितलं तेव्हा माल अजून सर्व्हरच्या रॅममध्ये असू शकतो. सर्व्हरवर सिंक संपेपर्यंतचा वेळ धरा. आपल्याकडे विजेची लाईन कधी जाईल याचा नेम नाही, रॅममधला माल पोचलेला समजू नये.

आता त्या वीस हजार फायली. एफटीपी फार जुना आहे. त्याचा पहिला मसुदा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद), एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. आज चालतो तो नमुना ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ चा. त्यात आदेशांची जोडणी एक, आणि प्रत्येक फाईलसाठी मालाची नवी जोडणी. म्हणजे प्रत्येक फाईलमागं काही हेलपाटे. तीन धरा. चाळीस मिलिसेकंदांच्या वाटेवर एका फाईलला १२० मिलिसेकंद नुसत्या बोलण्यात. वीस हजार फायलींना २४०० सेकंद, चाळीस मिनिटं. माल फक्त ३२० एमबी. लाईन वीसऐवजी दोनशे मेगाबिटची घेतली तरी ही चाळीस मिनिटं कमी होत नाहीत. तोच ढीग 'टार' करून एका फाईलमध्ये बांधला, तर २० मेगाबिटवर दोन मिनिटं आणि काही सेकंदांत जातो. एवढी एक गोष्ट समजली तरी पुष्कळांचे मोठ्या प्लॅनचे पैसे वाचतील.

बांधणं शक्य नसेल तर एका वेळी अनेक फायली पाठवा. एलएफटीपीत समांतर संख्या देता येते. विंडोजवर नेटवर्क फोल्डरसाठी रोबोकॉपीचा एमटी पर्याय, न सांगता तो आठ धरतो. चार, आठ, सोळा असं मोजत जा.

नागपूरची वाट घरातच हवी असेल, तर लिनक्सच्या 'टीसी' आदेशातलं 'नेटएम' वापरा. ते कार्डावर चाळीस मिलिसेकंदांचा उशीर आणि हवी तेवढी गळती लावतं. डेटा पॅक न जाळता हवी तेवढी मोजणी होते. संपल्यावर ते काढायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी सगळा स्टुडिओ चाळीस मिलिसेकंद मागं चालेल आणि कारण कोणाला सापडणार नाही.

सहावी पायरी: गर्दी

एक, दोन, चार, आठ, सोळा क्लायंट. प्रत्येकाला वेगळी फाईल द्या, नाहीतर पहिल्यानं वाचलेली दुसऱ्याला रॅममधून मिळते. क्लायंट शक्यतो वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर. एकाच लॅपटॉपवरून सोळा चालवले तर लॅपटॉप मोजला जातो. दोन आकडे लिहा, सगळ्यांचा मिळून वेग आणि सगळ्यात मागं राहिलेल्याचा वेग. हार्डडिस्कवर चार जण वेगवेगळ्या फायली वाचू लागले की डोकं चार ठिकाणी पळतं आणि मिळून वेगही खाली येतो. जिथून मिळून वेग वाढणं थांबतं ती तुमच्या सर्व्हरची सीमा.

मधेच काही जोडण्या तुटल्या तर सर्व्हर कोलमडला असं लगेच लिहू नका. ओपनएसएसएचमध्ये 'मॅक्सस्टार्टअप्स' नावाची मर्यादा असते, मूळ किंमत १०:३०:१००. म्हणजे लॉगिन न झालेल्या दहा जोडण्यांनंतर तो ३० टक्के जोडण्या नाकारू लागतो, आणि शंभरला सगळ्याच. एका सेकंदात वीस क्लायंट सोडले तर हे होऊ शकतं. क्लायंट अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं सोडा. व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरमध्ये एका पत्त्यावरून किती जोडण्या चालतील याची वेगळी मर्यादा आहे. तीही बघा.

हे चालू असताना सर्व्हरवर डिस्क आणि प्रोसेसरचा वापर दाखवणारे 'आयओस्टॅट' आणि 'व्हीएमस्टॅट' दर सेकंदाला फाईलमध्ये लिहीत ठेवा. नंतर वेळ जुळवून पाहिलं की कोण भरलं होतं ते दिसतं: डिस्कचा वापर शंभर टक्के, की एखादा कोअर, की वायर.

सातवी पायरी: दुपारचे तीन, आणि गेलेली लाईन

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण थंड खोलीतल्या मोजणीत ती कधी येतच नाही. मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या खोलीत, कूलर बंद असताना, यंत्राला मिळणारी हवाच एवढी तापलेली. रास्पबेरी पाय ८० अंशांवर स्वतःचा वेग कमी करायला लागतो, ८५ ला आणखी. लॅपटॉपही तेच करतो. सकाळी सातला मिळालेला आकडा दुपारी तीनला मिळेलच असं नाही. म्हणून तीच चाचणी दोन्ही वेळी, सलग अर्धा तास चालवा, आणि दर मिनिटाला प्रोसेसरचं आणि डिस्कचं तापमान लिहा. डिस्कचं 'स्मार्टसीटीएल' देतो. वेग आणि तापमान एकाच कागदावर आखा. वेग खाली येतो तिथंच तापमान वर टेकलेलं दिसलं, तर सर्व्हरची जागा बदला. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओलावा आत जातो.

मग विजेची लाईन. इन्व्हर्टरवर जाताना सर्व्हर टिकतो, पण स्विच आणि राऊटर त्यावर असतात का? बऱ्याच ठिकाणी नसतात. सर्व्हर चालू, मधला स्विच बंद, आणि ट्रान्स्फर अर्ध्यात. याची मुद्दाम चाचणी घ्या. चार जीबीची फाईल पाठवायला लावा, अर्ध्यावर आली की स्विचचा पिन काढा. दोन मिनिटांनी लावा. आता मोजा: किती सेकंदांत क्लायंटला कळलं, किती वेळात पुन्हा जोडलं गेलं, आणि फाईल अर्ध्यापासून पुढं गेली की पहिल्यापासून. एसएफटीपीत राहिलेलं पुढं न्यायचा आदेश आहे, आरसिंकला 'पार्शल' पर्याय आहे, पण तो दिलेला असला पाहिजे. शेवटी पलीकडं 'शा-२५६' काढून आधीच्या यादीशी जुळवा. जुळलं नाही तर त्या सेटिंगचा वेग कितीही असो, खोडून टाका.

रात्री दोनदा लाईन जाणाऱ्या गावात, पहिल्यापासून सुरू होणारा १०० चा सर्व्हर आणि जिथं थांबला तिथून उठणारा ६० चा सर्व्हर यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन.

वही

प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान, कुठली केबल, डिस्क किती भरलेली, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कुठलं फोल्डर, कुठली दिशा, बाईट, सेकंद. पाच फेऱ्यांचे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घ्या. सरासरी नको, एक फसलेली फेरी सरासरीला ओढून नेते. पण सगळ्यात वाईट फेरीही लिहून ठेवा, गिऱ्हाईक त्याच फेरीत सापडतं. पाच फेऱ्यांत वीस-वीस टक्क्यांचा फरक येत असेल तर काहीतरी मागं चालू आहे: अपडेट, अँटिव्हायरस, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. ते शोधा, मग पुन्हा मोजा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, डिस्क आणि प्रोटोकॉल एकाच दुपारी बदलले तर सुधारलं कशानं हे कधीच कळत नाही.

दारव्ह्याच्या स्टुडिओत दोन दिवसांनी वही वाचली तेव्हा घ्यायला लागलं ते एवढंच: चालू प्रोजेक्टसाठी एक एसएसडी, आणि स्विच-राऊटर इन्व्हर्टरवर घ्यायला एक वायर. जुन्या हार्डडिस्क झालेल्या लग्नांसाठी तशाच ठेवल्या. बारीक फायली नागपूरला टार करून जातात, रात्री अकरानंतर, 'पार्शल' लावलेल्या आरसिंकनं. स्टुडिओवाल्या काकाजींनी वहीला दोरा बांधून ती सर्व्हरच्या बाजूला खिळ्याला टांगली आहे. पुढची मोजणी लग्नं आटोपल्यावर, मृगाच्या आधी. दुपारी तीनची फेरी घ्यायला तेव्हा ऊन अजून असतं.